तळमजल्याच्या फरशीत उखळ बसवायचंय. टाइल न तडकता चौदा इंची गोल भोक कसं पाडू?

लेथवाला_अंबड

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत लेथवर आहे, २७ वर्षं झाली. लोखंडात भोक पाडायला सांगा, दोन शतांश इकडचं तिकडे होणार नाही. पण काल स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने गोल काढला आणि पाऊण तास त्याच्याकडे नुसता बघत बसलो. बायको म्हणाली, रांगोळी झाली असेल तर उठा.

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाटणीचा वाडा होता. दोन वर्षांपूर्वी तो उतरवला. तुळया, दारं, कड्या ज्याच्या त्याच्या वाट्याला गेल्या. आईने एकच वस्तू मागून घेतली, स्वयंपाकघरात जमिनीत बसवलेलं दगडी उखळ. उकरायला गेलो तेव्हा कळलं की वर दिसत होती ती नुसती कड, सगळा दगड खाली होता. चार जणांनी मिळून टेम्पोत चढवला. तेव्हापासून तो सिडकोतल्या घरामागे तुळशीशेजारी पडून आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, डास होतात, आणि आई ते पाणी उपसताना मला ऐकू जाईल एवढा उसासा टाकते.

मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. घाणा भरायचाय. कार्यालयवाले लाकडी उखळी देतात, रंगवलेली, वर आरसे लावलेली. आई म्हणाली, "घरचं उखळ दारात लोळत असताना त्या खेळण्यात हळद कांडू का मी?" तेव्हा हे काम आता टळत नाही. वाड्यात होतं तसंच बसवायचं, फरशीच्या जवळपास बरोबरीने.

मापं देतो. तोंड साडेबारा इंच, पण पोट त्याहून मोठं आहे. दोरी गुंडाळून घेर मोजला तर ४१ इंच आला, म्हणजे व्यास १३ च्या आसपास. उंची ११ इंच, खाली निमुळतं. वजन ५० किलोच्या घरात असावं. म्हणजे भोक १४ इंची तरी हवं. घर बैठं आहे, खाली जमीनच. मूळ फरशी शहाबादी, पंधराएक वर्षांपूर्वी तिच्यावरच २ बाय २ च्या व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या. त्याच्या खाली काय आणि किती जाड आहे, देव जाणे.

एका गवंड्याला बोलावलं होतं. तो ब्रेकर खांद्यावर टाकूनच आला. म्हणाला, "भोकाला काय, दहा मिनिटं. कडा नंतर सिमेंटने भरून देतो." चहा पाजला आणि परत पाठवला. मला भरलेली कड नको, कापलेली कड हवी. कोणी केलंय का असं काम?

नळवाला_पंचवटी

भाऊ, खाली जमीन आहे हे आधीच सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर इथे अर्धे लोक स्लॅबवर आणि अर्धे जमिनीवर बोलत बसतात.

आमच्या धंद्यात भोक म्हणजे कोअर कटिंग. पोकळ नळीसारखं बिट, तोंडाला हिऱ्याचे दाते, वरून पाणी सोडायचं. ठोकाठोकी अजिबात नाही, नुसतं घासत खाली जातं आणि कड अशी निघते की बोट फिरवलं तर गुळगुळीत. कमोडच्या ११० मिलिमीटरच्या पाइपाला १२७ चं बिट लावतो. पण आमच्याकडे बिटं साधारण ६ इंचांपर्यंत. १४ इंची बिट बनतं, पण ते घेऊन घरोघरी फिरणारा मला अजून भेटला नाही. आणि एवढं मोठं बिट हाताने धरता येत नाही, स्टँड फरशीला अँकर ठोकून उभा करावा लागतो. म्हणजे एक भोक नीट पाडायला दुसरं भोक.

तुमच्या मापाला एकच रस्ता, वर्तुळावर बारीक भोकं शेजारी शेजारी पाडत जायचं आणि मधला गड्डा काढून घ्यायचा. उखळ बसलं की बाजूने पातळ ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, ओतून टाका, जाम होईल.

पण मशीन हातात घेण्याआधी मागच्या चेंबरचं झाकण उघडा. मोरीतून कोणीतरी बादलीभर पाणी ओतायचं आणि तुम्ही चेंबरमध्ये बघायचं, कुठल्या बाजूने येतंय ते. मोरी ते चेंबर खडूने रेघ ओढा. जुन्या घरात त्या रेघेखाली चिनी मातीचा पाइप असतो, हॅमरचा एक दणका त्याला पुरतो. पाण्याच्या जुन्या लोखंडी लाइनीचंही तसंच. मीटर कुठे, नळ कुठे, मध्ये रेघ. त्या रेघांपासून फूटभर लांब राहा.

झणझणीत_सातपूर

मिक्सर घ्या ना राव. ७५० वॅटचा.

लेथवाला_अंबड

मिक्सर आहे. लग्नात त्याच्याभोवती पाच सवाष्णी बसवून फोटो काढू का?

इंदिरानगरची_ताई

दादा, मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेली इंजिनिअर. तुमचा प्रश्न वाचून माहेरचं उखळ आठवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या फरशीखाली साधारण असं निघेल: टाइल ८ ते १० मिलिमीटर, तिच्याखाली दीड इंच माल, मग जुनी शहाबादी इंचभर, तिच्याखालचा माल, मग चारेक इंच कोबा काँक्रीट, आणि त्याखाली दगडाचं सोलिंग किंवा मुरूम. जमिनीवरच्या कोब्यात सहसा सळई नसते, त्यामुळे तुमची अर्धी काळजी मिटली. सळई लागलीच तर थांबा आणि ती कशाची आहे ते आधी बघा.

आता जागा. सिडकोची जुनी बैठी घरं बहुतेक भिंतींवर उभी आहेत. अशा भिंतीचा पाया जमिनीखाली भिंतीहून रुंद होत जातो. त्याच्याशेजारी खड्डा नको. भिंतीपासून अडीच फूट तरी सोडा. तशीही मुसळ चालवायला तेवढी मोकळी जागा लागतेच.

टाइल निवडताना नाणं घ्या आणि सगळीकडे टकटक करून बघा. भरीव असेल तिथे आवाज कोरडा आणि घट्ट येतो. पोकळ असेल तिथे बद्द वाजतं. पोकळ टाइलमध्ये भोक पाडायला गेलात तर तडा कोपऱ्यापर्यंत जाणार, कितीही हळू करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वच्छ कड तुम्हाला फक्त वरच्या इंचभरात हवी आहे. त्याखाली भोक ओबडधोबड असलं तरी कोण बघतंय? तेव्हा दोन वेगळी कामं समजा. वरची टाइल ग्राइंडर आणि डायमंड पात्याने, न ठोकता. टाइल निघाली की मगच हॅमर. व्हिट्रिफाइडवर हॅमर चालू केलंत की संपलं, सगळं मुसळ केरात. फक्त खालून पोखरत टाइलच्या कडेबाहेर जाऊ नका, कड अधांतरी राहिली तर नंतर पाय पडून तुटेल.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगते. काँक्रीट कापताना जी पिठासारखी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा, स्वयंपाकघराच्या दाराला ओली चादर लावा. पाणी मारत कापणार असाल तर मशीन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागच्या (शॉक लागताच वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) प्लगवरच लावा.

तळाला ३ इंच काँक्रीट घाला. खाली काळी माती लागली तर ते हवंच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं सगळं हलवते.

तिसरा_मजला_गंगापूररोड

ज्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे त्यांच्यासाठी माझी कर्मकहाणी लिहून ठेवतो.

वॉशिंग मशीनच्या पाण्यासाठी बाल्कनीत नहाणी ट्रॅप टाकायचा होता. जो माणूस आला त्याने खालून कोणाला उभं करायचं वगैरे काही विचारलं नाही, ब्रेकर लावला आणि सुरू. वरून भोक छान, बशीएवढं. तेवढ्यात खालच्या काकांचा फोन. जाऊन बघतो तर त्यांच्या छतातून परातीएवढा खपला सुटला होता, सळया उघड्या पडलेल्या, आणि खाली वाळत घातलेल्या कुरडया काँक्रीटच्या चुऱ्यात. छत दुरुस्त करून दिलं, रंग दिला. कुरडयांचं काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

इंदिरानगरची_ताई

हे असंच होतं. वरून ठोकलं की दणका खाली शंकूसारखा पसरत जातो आणि खालच्या बाजूला आधार नसल्यामुळे तिथला थर निखळतो. म्हणून स्लॅबला कोअर कटिंगच. त्यातही बीमला हात लावायचा नाही, सळई कुठून जाते ते आधी शोधायचं आणि दोन सळयांच्या मधोमध भोक धरायचं. घरगुती स्लॅबमध्ये सळया साधारण ६ इंचांवर असतात, त्यामुळे ४ इंची भोक कसंबसं मधून जातं. खाली माणूस हवा. ५ इंच जाड स्लॅबमधून ४ इंची गड्डा सुटला तर तो अडीच किलो भरतो, डोक्यावर पडला तर विचार करा.

आणि कोणी विचारायच्या आधी सांगते, १४ इंची उखळ स्लॅबमध्ये बसवायचं नाही. दोन्ही बाजूंच्या दोन-तीन सळया तुटतील, आणि ११ इंचांचा दगड ५ इंचांच्या स्लॅबमधून खालच्यांच्या घरात लोंबकळेल.

लेथवाला_अंबड

तीन आठवड्यांनी लिहितोय. उखळ बसलं. कसं बसलं ते सांगतो, कारण तुमच्या सूचनांमुळेच निभावलं, आणि एका ठिकाणी मी तुमचं ऐकलं नाही तेही सांगायला हवं.

आधी चेंबर. मुलीने मोरीत बादली ओतली, मी मागे वाकून बसलो. पाइप बरोबर मी खडूने काढलेल्या गोलाखालून जात होता. नळवाले दादा, तुम्हाला एक मिसळ लागू.

मग पाच रुपयांचं नाणं घेऊन फरशीवर रांगलो. दुसरी जागा ठरली ती टाइल एका कोपऱ्यात बद्द वाजली. तिसरी चांगली निघाली, भिंतीपासून पावणेतीन फूट. आईला तिथे पाटावर बसवलं, हातात मुसळ दिलं आणि हवेत चालवायला सांगितलं. बसून ठीक होतं. ती म्हणाली, "आणि उभ्याने कांडायचं झालं तर?" उभी राहिली, मुसळ उचललं आणि पंख्याच्या पात्याला टेकलं. पंखा बंद होता म्हणून बरं. मग टाइलच्या मध्यावरून भोक थोडं दाराकडे सरकवलं.

कापणं. ४ इंची ग्राइंडरचं पातं सरळ, आणि मला हवा गोल. सरळ पात्याने गोल कसा कापणार, हाच प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. शेवटी कागद घेऊन हिशेब केला. पातं ३ मिलिमीटर खोल गेलं तर फरशीवर ते ३४ मिलिमीटर लांब टेकतं, आणि १४ इंची वर्तुळाची वाक तेवढ्या लांबीत जेमतेम ०.८ मिलिमीटर. म्हणजे पात्याची टोकं रेघेबाहेर एवढीच जाणार. पण एकदम १० मिलिमीटर खोल घातलं तर ६० मिलिमीटर टेकतं आणि टोकं अडीच मिलिमीटर बाहेर खातात. म्हणजे दोन गोष्टी: खोली थोडी थोडी वाढवायची आणि रेघेच्या ३ मिलिमीटर आत राहायचं, उरलेलं शेवटी घासून काढायचं. हे आम्ही लेथवर रोज करतो, रफ कट आणि फिनिश कट. दगडात ते सुचायला मला तीन दिवस लागले.

सुताराकडून १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये १४ इंची गोल कापून आणला आणि प्लाय दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फरशीला चिकटवला. पहिली फेरी नुसती टाइलची चकाकी खरवडण्यापुरती. ती फेरी हात धरून, श्वास धरून. एकदा बारीक खाच पडली की पातं तिच्यातच चालतं, पळत नाही. मुलगी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून थेंब थेंब पाणी सोडत होती, पात्यापुढे, मशीनवर नाही. सात फेऱ्या लागल्या. फरशीवर राखाडी चिखल, चष्म्यावर चिखल, ओल्या चादरीमागून आई विचारतेय, "झालं का रे?"

टाइल खालच्या मालापर्यंत कापली गेली. मध्ये एक भोक पाडून तिथून तुकडे काढत आलो. छन्नीचं तोंड सतत मध्याकडे, कडेकडे एकदाही नाही. सगळं निघालं, आणि शेवटच्या तुकड्याला मी छन्नी उलटी धरली. घाई, दुसरं काय. कडेचा तांदळाएवढा कपचा उडाला. सत्तावीस वर्षांचा हात, आणि तांदूळ.

खाली शहाबादी निघाली, ताई म्हणाल्या तशी. तिचे पापुद्रे सुटतात, ती त्रास न देता आली. मग हॅमर ड्रिलला १६ मिलिमीटरचं बिट लावून वर्तुळावर भोकं. घेर ४१ इंच, दर इंचाला एक, म्हणजे ४१ भोकं. टाइलच्या कडेपासून अर्धा इंच आत. दर पाच-सहा भोकांनंतर बिट गार करत होतो. कोबा एका बाजूला साडेतीन इंच भरला, दुसऱ्या बाजूला पाच. भोकांच्या मधल्या भिंती छन्नीने तोडल्या आणि चकतीचे चार तुकडे करून बाहेर काढले. मग कोब्याचा उरलेला अर्धा इंच हळूहळू खरवडून टाइलच्या कडेखाली आणला, नाहीतर उखळाचं पोट अडकलं असतं. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंना दुपारी झोपायचं असतं, म्हणून २ ते ४ मशीन बंद ठेवलं. तरी त्या संध्याकाळी विचारायला आल्या, बोअर मारताय का म्हणून.

खरा घाम सोलिंगने काढला. एक दगड फणसाएवढा, अर्धा माझ्या खड्ड्यात आणि अर्धा फरशीखाली घुसलेला. भोकातून तो निघणार नाही, आणि ओढला तर वरचा कोबा अधांतरी. शेवटी जेवढा खड्ड्यात होता तेवढाच फोडला. फरशीवर पालथं पडायचं, एक हात खड्ड्यात, त्या हाताने छन्नी धरायची, आणि दुसऱ्या हाताने हातोडा मारायला जागाच नाही. असं दीड तास. तळ साडेचौदा इंचांवर आला. काळी माती नव्हती, मुरूम होता. तरी ताईंचं ऐकून तीन इंच काँक्रीट घातलं आणि आठवडाभर ओलं ठेवलं.

आता ऐकलं नाही ते. नळवाले दादा, तुम्ही बाजूने ग्राउट ओता म्हणालात. मी रात्रभर विचार केला आणि नाही ओतलं. आमच्या शॉपमध्ये पॉवर प्रेस आहे. तिचा पाया बाकीच्या फरशीपासून तोडलेला असतो, चारी बाजूंनी फट. फट नसती तर प्रेसचा दणका सगळ्या फरशीभर गेला असता आणि शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवर जॉब धड निघाला नसता. उखळ म्हणजे तरी काय, हाताने चालणारी प्रेसच. दोन बायका समोरासमोर बसून मुसळ घालणार. ते ग्राउटने टाइलला जखडलं तर पहिल्याच हळदीला टाइल चिरेल. म्हणून तळाला काँक्रीटवर इंचभर जाड वाळू, बाजूने वाळू ठासून भरली, आणि वरची फट सिमेंटशिवाय ठेवली. ती काठोकाठ भरताना खाली फोमची दोरी दाबली आणि वर राखाडी सिलिकॉन.

उतरवताना काळजी घ्या कोणी करणार असाल तर. ५० किलोचा दगड आणि बाजूला बोटभर फट, म्हणजे बोटं तिथेच राहायची. मी पलंगाची नवार दुहेरी करून खालून घातली, दोन पट्ट्या आडव्या-उभ्या, वर लोखंडी पाइप, आणि दोन भाचे पाइपाच्या दोन टोकांना. पहिल्यांदा एक बाजू दोन सूत खाली बसली. वर उचललं, वाळू सारखी केली, परत सोडलं. तिसऱ्या वेळी स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्ये आला. मग नवार ओढून काढली. एक पट्टी अडकली ती तशीच कापून टाकली, राहू दे खाली.

कड फरशीच्या अर्धा इंच वर ठेवली आहे, म्हणजे फरशी पुसताना पाणी आत जाणार नाही. बायकोला पहिल्याच दिवशी ठेच लागली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

इंदिरानगरची_ताई

दादा, फटीचं तुमचं बरोबर आहे. मी काँक्रीटचं लिहिलं पण दणक्याचा विचार केला नव्हता, वाळूच योग्य. पण तो कपचा? दिसतो का?

लेथवाला_अंबड

दिसतो. तो झाकायला मी शॉपमधून स्टेनलेसची रिंग वळून आणली होती, साडेचौदा इंची, पॉलिश केलेली. आईने एकदा बघितली आणि म्हणाली, "काढ ते, भांड्याच्या दुकानासारखं दिसतंय." काढली. आता कपचा तसाच आहे, दाराकडून आलं की डाव्या हाताला. घरात आलेल्या प्रत्येकाला आई तो स्वतः दाखवते.

नळवाला_पंचवटी

ग्राउटचं मागे घेतो भाऊ. मिसळ कधी?

तिसरा_मजला_गंगापूररोड

एक विचारू का? इतकी वर्षं बाहेर पडलेलं उखळ थेट वापरायला घेतलं का? आणि स्वयंपाकघरात उघडं भोकच की ते, झुरळं वगैरे?

लेथवाला_अंबड

थेट नाही. पाथरवटाकडून टाकी लावून घेतली, म्हणजे आतला दगड छन्नीने परत खरबरीत करून घेतला. टाकी लावल्यावर दगडाची कच सुटते, म्हणून आईने आधी खडे मीठ कुटलं, टाकून दिलं, मग दोनदा तांदूळ कुटले, तेही टाकले. तिसऱ्या दिवशी कारळ्याची चटणी झाली. कच लागली नाही. टाइलला कान लावून बघितलं, बद्द वाजत नाही.

झाकणाचं आपोआप झालं. प्लायमधून जी १४ इंची चकती निघाली होती ती सुताराने मला फुकट दिली होती, भंगार म्हणून. तिला खालून तीन रबरी बुटकुल्या लावल्या. उखळावर टाकली की फटीसकट सगळं झाकलं जातं. आई आता त्यावर बसून भाजी निवडते.